हे कुठून घेतलं? पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी संदर्भ सांभाळण्याची रीत

पहिलाच शोधनिबंध लिहिणाऱ्या बहुतेकांचं काम एकाच क्रमानं चालतं. विषय मिळतो, आठवडाभर इकडचं तिकडचं वाचन होतं, दोन रात्री जागून मजकूर तयार होतो. मग सादर करायच्या दिवशी सकाळी शेवटच्या पानावर 'संदर्भसूची' असा मथळा टाकून आठवतील तेवढी पुस्तकं आणि सापडतील तेवढ्या लिंका लिहिल्या जातात. मी विद्यार्थ्यांचे प्रकल्प बरीच वर्षं वाचत आले आहे. त्यातले बरेचसे भाषेत किंवा विचारात कच्चे नसतात. एखाद्या वाक्यावर बोट ठेवून 'हे कुठून घेतलं?' असं विचारलं की मात्र लिहिणारा गप्प होतो.

यात मी स्वतःही पोळले आहे. माझ्या प्रबंधात एका ग्रंथातलं अवतरण होतं आणि त्याचा पान क्रमांक मी लिहून घेतला नव्हता. ग्रंथ परत केलेला, तो दुसऱ्या कुणीतरी नेलेला. हाती आला तेव्हा ते एक वाक्य शोधायला मला तीन दिवस लागले. सापडलं तेव्हा दिसलं की उतरवून घेताना माझ्याकडून एक शब्द गळला होता: 'बहुधा'. लेखकानं जपून केलेलं विधान माझ्या प्रबंधात ठाम होऊन बसलं होतं. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. संदर्भ शेवटी लावायचा नसतो, तो वाचतानाच लिहायचा असतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच धाग्यानं बांधल्या आहेत.

विषयाचा प्रश्न करा

'विद्यार्थी आणि अभ्यासाच्या सवयी' हा विषय झाला. त्यावर कितीही लिहिता येईल आणि एकही पान धड होणार नाही. 'धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची चाचणी घेतली तर पदवीच्या विद्यार्थ्यांच्या ते जास्त दिवस लक्षात राहतं का?' हा प्रश्न झाला. कुणाबद्दल बोलायचं, कशाची तुलना कशाशी करायची, काय मोजायचं, हे सगळं त्यात आलं. हेच उदाहरण मी पुढेही वापरणार आहे.

प्रश्न ठीक आहे की नाही हे बघायची माझी कसोटी सोपी आहे. याचं उत्तर 'नाही' येऊ शकतं का? 'मोबाइलचे विद्यार्थ्यांवर होणारे दुष्परिणाम' असं ठरवून बसलात तर उत्तर आधीच ठरलेलं असतं, मग वाचन फक्त त्याला दुजोरा शोधण्यापुरतं उरतं. प्रश्न एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवा. पुढचे कित्येक दिवस 'हे वाचू की नको' याचा निर्णय तो कागदच करील.

क्षेत्रातले शब्द शोधा, मग लेख शोधा

सर्च इंजिनमध्ये आपण आपल्या मनातले शब्द टाकतो, पण अभ्यासकांनी त्याच गोष्टीला वेगळं नाव दिलेलं असतं. 'स्वतःची चाचणी घेणं' असं शोधून फारसं काही हाती लागणार नाही. मानसशास्त्रात यावरचं संशोधन 'टेस्टिंग इफेक्ट' किंवा 'रिट्रीव्हल प्रॅक्टिस' या नावांखाली आहे. तो शब्द कळला की दार उघडतं. म्हणून पहिले एक-दोन तास विश्वकोश, विकिपीडिया, क्रमिक पुस्तक असं सर्वसाधारण वाचन खुशाल करा. तिथं दोनच गोष्टी टिपायच्या: क्षेत्रातल्या संज्ञा आणि वारंवार येणारी नावं. विकिपीडियाचा संदर्भ द्यायचा नसतो, पण तिच्या लेखाखालच्या टिपांमधून मूळ लेखांपर्यंत जाता येतं.

पुढचा मुक्काम ग्रंथालयातले डेटाबेस आणि गुगल स्कॉलर. गुगल स्कॉलर २००४ पासून आहे आणि फुकट आहे. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. एक चांगला लेख सापडला की त्याच्यापासून दोन दिशांनी चाला. त्याची संदर्भसूची वाचली की त्याच्या आधीचं संशोधन मिळतं. त्याच्या नावाखालच्या 'सायटेड बाय' वर टिचकी मारली की त्याच्यानंतर त्यावर कोण काय बोललं ते मिळतं. ही दुसरी दिशा नवखे हमखास विसरतात. मग वीस वर्षांपूर्वीचा निष्कर्ष पुढे कुणी खोडून काढला असला तरी ते त्यांना कळत नाही.

लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर निराश होऊ नका. त्याच नोंदीखाली 'ऑल व्हर्जन्स' बघा, लेखकानं स्वतःच्या संस्थेच्या पानावर प्रत ठेवलेली असू शकते. ग्रंथपालांना विचारा. लेखकाला नम्र ईमेल करा, बरेच संशोधक आनंदानं प्रत पाठवतात. मात्र नुसता गोषवारा वाचून संपूर्ण लेखाचा संदर्भ देऊ नका.

सापडलेलं सगळं सारख्या वजनाचं नसतं. नियतकालिक समकक्ष परीक्षण करतं का, म्हणजे त्याच विषयातले दुसरे तज्ज्ञ छापण्याआधी लेख तपासतात का, हे बघा. 'चार दिवसांत छापू, आधी शुल्क भरा' असं सांगणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. आणि छापून आलेला लेख मागे घेतला गेला आहे का, हेही तपासा. एमएमआर लस (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची) आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये १९९८ साली आला. अवघ्या १२ मुलांवर आधारलेला तो लेख २०१० साली मागे घेतला गेला. मधली १२ वर्षं तो एका नामांकित नियतकालिकातला 'छापील पुरावा' होता. आजही कुणी तो शोधून काढून पुरावा म्हणून वापरला, तर नियतकालिकाचं मोठं नाव त्याला वाचवू शकणार नाही.

वाचताना नोंद कशी ठेवायची

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देते, कारण पुढचे निम्मे घोटाळे इथंच पेरले जातात.

लेख उघडला की पहिली ओळ वाचण्याआधी वहीत किंवा फाइलमध्ये त्याचा पत्ता लिहा: लेखकाचं पूर्ण नाव, वर्ष, लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पानं, आणि डीओआय असेल तर तो. पुस्तक असेल तर प्रकाशक आणि आवृत्तीही. आवृत्ती विशेष महत्त्वाची, कारण आवृत्ती बदलली की पान क्रमांक बदलतात. डीओआय म्हणजे लेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक. वेबसाइटचा पत्ता बदलला, प्रकाशक बदलला, तरी त्या क्रमांकावरून लेख सापडतो. म्हणून लिंक आणि डीओआय दोन्ही असतील तर डीओआय निवडा.

मग वाचायला लागा, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ नको. गोषवारा, मग तक्ते आणि आलेख, मग शेवटची चर्चा. एवढ्यावरून लेख तुमच्या प्रश्नाच्या कामाचा आहे असं वाटलं तर परत येऊन पद्धतीचा भाग नीट वाचा. किती लोकांवर केलं, कशा परिस्थितीत केलं, किती दिवसांनी मोजलं, हे सगळं तिथं असतं. निष्कर्षाचं वजन तिथूनच ठरतं.

नोंदी घेताना प्रत्येक नोंदीच्या डाव्या बाजूला एक खूण करा. मी तीन खुणा वापरते. अवतरणचिन्ह म्हणजे शब्द लेखकाचेच, स्वल्पविरामासकट. 'सा' म्हणजे सारांश, मुद्दा लेखकाचा पण शब्द माझे. 'मी' म्हणजे वाचताना मला सुचलेलं. आणि तिन्हींसमोर पान क्रमांक. माझ्या वहीतली एक नोंद साधारण अशी दिसते:

सा, पृ. ४७: एकाच बैठकीत सगळं वाचण्यापेक्षा दिवस विभागून वाचणाऱ्या गटाला जास्त आठवलं.
मी, पृ. ४७: पण हे शब्दांच्या याद्यांवर केलेलं दिसतं. धड्यांना लागू होईल का?

या तीन खुणांचं मोल दोन महिन्यांनी कळतं. तोपर्यंत वहीतलं कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं हे आपल्यालाही आठवत नसतं. वाङ्मयचौर्याच्या कितीतरी प्रकरणांत चोरीचा हेतू मुळीच नसतो. खूण न केलेल्या नोंदीतून दुसऱ्याचं वाक्य आपलं समजून मसुद्यात येतं, एवढंच घडलेलं असतं. हेतू नव्हता म्हणून दोष टळत नाही. वाचणाऱ्याला हेतू दिसत नाही, वाक्य दिसतं.

मूळ झऱ्यापर्यंत जा

आपल्या उदाहरणाच्या विषयावर शोधायला लागलात की एक आकडेवारी तुम्हाला नक्की भेटेल: माणसाला वाचलेलं १० टक्के आठवतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, असं वाढत जाऊन स्वतः केलेलं ९० टक्के. सोबत एक शंकूचं किंवा पिरॅमिडचं चित्र असतं आणि खाली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव. प्रशिक्षणवर्गांच्या स्लाइडवर हे दिसतं, पुस्तकांत दिसतं, आणि दरवर्षी निदान एका तरी प्रकल्पात माझ्यासमोर येतं.

डेल यांनी १९४६ सालच्या आपल्या पुस्तकात 'अनुभवांचा शंकू' खरोखरच मांडला होता. पण त्या शंकूत टक्केवारी नाही. ती नंतर कुणीतरी चिकटवली आणि पुढच्यांनी एकमेकांवरून उतरवली. यातल्या एकानंही मूळ पुस्तक उघडलं असतं तर साखळी तिथंच तुटली असती. तसे ते गोल आकडेही शंका यावी असेच आहेत. मोजमापातून एका सरळ रांगेत १०, २०, ३० सहसा निघत नाहीत.

उतरवून घेण्याची ही सवय किती पसरली आहे याचा एक अंदाज मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी यांनी २००३ साली मांडला. संदर्भांमधल्या छपाईच्या चुका, म्हणजे चुकलेला खंड किंवा पान क्रमांक, एका लेखातून दुसऱ्यात जशाच्या तशा कशा जातात हे त्यांनी तपासलं. त्यांच्या हिशेबानं संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ लेख वाचतात. हा एका गणिती प्रारूपावरून काढलेला अंदाज आहे, सर्वेक्षण नव्हे, हेही इथं सांगायला हवं. आकडा देताना तो कसा मिळाला ते सोबत सांगणं हाही संदर्भ देण्याचाच भाग आहे.

याहून विलक्षण प्रकरण एका लेखाचं आहे जो कधी लिहिलाच गेला नाही. एका मोठ्या प्रकाशन संस्थेनं लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक नोंद दिली होती, लेखक वान डर गीर आणि इतर, वर्ष २०००. ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली हे प्रकरण लोकांसमोर आणलं, तेव्हा या अस्तित्वात नसलेल्या लेखाचा संदर्भ जवळजवळ ४०० लेखांत दिलेला आढळला. बहुतेकांनी नमुन्याची फाइल भरताना ती ओळ काढलीच नव्हती असं दिसतं.

तेव्हा नियम असा ठेवा: 'अमक्यानं म्हटलं आहे' असं तमक्याच्या पुस्तकात वाचलं, तर अमक्याचं पुस्तक मिळवा आणि ते वाक्य तिथं आहे का ते बघा. प्रयत्न करूनही मूळ मिळालंच नाही तर प्रामाणिकपणे 'अमक्याचं मत, तमक्याच्या पुस्तकातून उद्धृत' असं लिहा आणि संदर्भसूचीत तमक्याचं पुस्तक टाका, कारण वाचलंत ते तेच.

मसुदा

विज्ञानात आणि बऱ्याचशा सामाजिक शास्त्रांत लेखाचा साचा ठरलेला असतो: प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांत मुद्द्यांप्रमाणे प्रकरणं पडतात. साचा कोणताही असो, लिहायला प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. जे केलं ते, म्हणजे पद्धती, आधी लिहा. ते सगळ्यात सोपं असतं आणि हात मोकळा होतो. प्रस्तावना शेवटून दुसरी, गोषवारा अगदी शेवटी.

पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना 'अमक्यानं असं म्हटलं, तमक्यानं तसं म्हटलं' अशी एकेक परिच्छेदाची माळ ओवू नका. परिच्छेद मुद्द्याचा हवा, लेखकाचा नको. एका मुद्द्यावर कोण सहमत आहे, कोण नाही आणि का, हे एकत्र आणलंत की आढावा वाचनीय होतो.

मसुदा लिहिताना संदर्भ तिथल्या तिथं टाका, कच्च्या रूपात का होईना. '(डेल १९४६, पान बघायचं)' एवढं पुरे. 'नंतर टाकू' म्हटलेला संदर्भ नंतर शोधावा लागतो.

दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत

हे शिकवायला सगळ्यात अवघड आहे, म्हणून जवळून दाखवते. पुढचं वाक्य मी या धड्यासाठी रचलं आहे, ते एखाद्या पुस्तकातलं आहे असं समजा:

'परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचल्याने विषय ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच आठवणं असा विद्यार्थ्याचा गैरसमज होतो.'

विद्यार्थी बऱ्याचदा हे असं बदलतात:

'पेपरच्या आदल्या रात्री वारंवार वाचल्यामुळे विषय परिचित वाटायला लागतो, आणि परिचित वाटणं म्हणजेच स्मरणात असणं असा मुलांचा चुकीचा समज होतो.'

शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तोच राहिला. कर्ता तिथंच, जोड तिथंच, शेवटही तिथंच. खाली संदर्भ दिला तरी हे चालत नाही, कारण वाक्याची बांधणी लेखकाची असताना ती तुमची म्हणून पुढे येते. आता हे बघा:

'पान ओळखीचं होणं वेगळं आणि ते मिटल्यावर सांगता येणं वेगळं. ऐन परीक्षेच्या तोंडावर तेच ते वाचणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, असं लेखक म्हणतो (आडनाव, वर्ष, पृ.).'

हे साधायची रीत अशी. मूळ उतारा दोनदा वाचा. पुस्तक मिटा. शेजारी बसलेल्या मित्राला समजावून सांगताय असं समजून तो मुद्दा बोला आणि बोललेलं लिहा. मग पुस्तक उघडून दोन गोष्टी ताडून पाहा: अर्थ सरकला तर नाही ना, आणि लेखकाचा एखादा खास शब्दप्रयोग नकळत आला तर नाही ना. आला असेल आणि हवाच असेल तर त्याला अवतरणचिन्हं घाला. पुस्तक मिटून बोलता येत नसेल तर मुद्दा अजून समजलेला नाही. पुन्हा वाचा.

'असं लेखक म्हणतो' हे तीन शब्द क्षुल्लक वाटतात, पण दुसऱ्याचं म्हणणं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं हे त्यांच्यावरून कळतं. परिच्छेदाच्या अगदी शेवटी एकच कंस टाकला तर वाचकाला समजत नाही, तो शेवटच्या वाक्यापुरता आहे की सगळ्या परिच्छेदाचा.

अर्थ सरकणं हा शब्द चोरण्याइतकाच गंभीर दोष आहे. आपल्याच प्रश्नावर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ सालचा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. प्रकल्पांत याचं रूपांतर 'चाचणी घेतल्यानं नेहमी जास्त लक्षात राहतं, हे सिद्ध झालं आहे' असं होतं. पण त्याच प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५. 'नेहमी' हा शब्द प्रयोगानं दिलेला नाही, तो विद्यार्थ्यानं घातला. आणि एका प्रयोगाबद्दल 'सिद्ध झालं' असंही म्हणू नये. 'आढळलं', 'दिसून आलं', 'असं सुचवतं', 'असा दावा केला आहे' यांतला जो शब्द पुराव्याला शोभेल तोच वापरा.

शब्दशः अवतरण कमी द्या, पण देताना अक्षरही बदलू नका. मधलं काही गाळलं तर तीन टिंबं, स्वतःचा शब्द घातला तर चौकोनी कंस. लांब अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय देतात. एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन ठरलेल्या शैली आहेत. एपीए शैलीत ४० किंवा जास्त शब्दांना हा नियम लागतो, एमएलएमध्ये चार ओळींहून लांब गद्याला.

शैली कुठली?

इथं फार डोकं शिणवू नका. विभागानं किंवा नियतकालिकानं सांगितलेली शैली घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्रात एपीए चालते, तिची सातवी आवृत्ती २०१९ साली आली. मजकुरात आडनाव आणि वर्ष, तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच 'आणि इतर'. भाषा-साहित्यात एमएलए, नववी आवृत्ती २०२१ ची. तिथं मजकुरात वर्षाऐवजी पान क्रमांक येतो, कारण साहित्याच्या चर्चेत कुठल्या पानावर काय आहे हे जास्त महत्त्वाचं असतं. इतिहासात तळटिपांची शिकागो शैली रुळलेली आहे, तिची अठरावी आवृत्ती २०२४ ची. वैद्यकात व्हँकूव्हर आणि अभियांत्रिकीत आयईईई, दोन्हींत मजकुरात नुसते क्रमांक. व्हँकूव्हर हे नाव १९७८ साली त्या शहरात भरलेल्या वैद्यकीय संपादकांच्या बैठकीवरून पडलं.

तळटिपांमध्ये मागच्याच ग्रंथाचा पुन्हा उल्लेख आला की मराठीत 'तत्रैव' लिहितात. ते वापरायचं तर मसुदा पूर्ण झाल्यावरच वापरा. मध्ये एक टीप नव्यानं घुसली की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. लेखकाचं आडनाव, लहान केलेलं शीर्षक आणि पान क्रमांक असं लिहिणं जास्त सुरक्षित.

मराठी स्रोत आणि मराठी लेखन

इंग्रजी शैलीपुस्तकांत याची उत्तरं क्वचित मिळतात, म्हणून थोडं सांगते. निबंध मराठीत असेल तर सूची वर्णानुक्रमानं लावा, आडनाव आधी. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ग्रंथ असतील तर दोन वेगळ्या याद्या करा, किंवा सगळी आडनावं एकाच लिपीत आणा. अर्धं एकीकडे अर्धं दुसरीकडे करू नका. लेखकाचं टोपणनाव मुखपृष्ठावर असेल तर नोंद त्याच नावानं करा आणि मूळ नाव चौकोनी कंसात द्या. जुन्या पुस्तकावर शके छापलेलं असेल तर ते तसंच लिहून पुढे इसवी सन द्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९.

इंग्रजी स्रोतातलं वाक्य तुम्ही स्वतः मराठीत आणलंत तर पुढे 'अनुवाद माझा' एवढं लिहा. अनुवादित ग्रंथ वापरला असेल तर अनुवादकाचं नाव सूचीत हवंच. त्या ग्रंथातले मराठी शब्द अनुवादकाचे आहेत.

साधनं वापरा, पण डोळे उघडे ठेवून

दहापेक्षा जास्त स्रोत असतील तर झोटेरो किंवा मेंडेली यांसारखं सॉफ्टवेअर शिकून घ्या. झोटेरो २००६ पासून आहे आणि फुकट आहे. ब्राउझरमधून एका टिचकीत लेखाची माहिती साठवतं, शैली बदलायची तर सगळी सूची क्षणात बदलतं, आणि साठवलेला लेख मागे घेतला गेला असेल तर इशाराही देतं. पण वेबपानावरची माहिती चुकीची असेल तर ते चूकही इमानदारीनं उचलतं. आडनावाच्या जागी पहिलं नाव, वर्षाची जागा रिकामी, शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत, हे नेहमी दिसतं. साठवल्याक्षणी नोंद एकदा डोळ्यांखालून घाला.

चॅटबॉटकडून संदर्भ मागू नका. तो खऱ्यासारखे दिसणारे, खऱ्या संशोधकांची नावं असलेले, पण कधी न लिहिलेले लेख सांगू शकतो. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि न्यायाधीशांनी वकिलांना दंड केला. अवघड परिच्छेद समजून घ्यायला किंवा शोधासाठी शब्द सुचवायला एआय वापरायचं असेल तर आधी संस्थेचा नियम काय आहे ते बघा आणि वापरलं असेल तसं स्पष्ट लिहा.

साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही गैरसमज आहेत. ते साम्य दाखवतं, चोरी ठरवत नाही. रीतसर दिलेलं अवतरण आणि संदर्भसूचीही त्यात रंगून येते. उलट, दुसऱ्या भाषेतून उचलून अनुवादित केलेला परिच्छेद त्यातून निसटू शकतो. टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द बदलत बसलात तर वर दाखवलेला सांगाड्याचा दोष तसाच राहील आणि भाषा मात्र बिघडेल.

द्यायच्या आधी

एक पूर्ण दिवस राखून ठेवा. सूची छापा आणि पेन घेऊन बसा. मजकुरात येणाऱ्या प्रत्येक संदर्भापुढे सूचीत खूण करा. सूचीत खूण न झालेली नोंद उरली तर ती मजकुरात कुठं वापरली ते शोधा, नसेल तर काढा. सूचीत सापडलं नाही ते नाव लगेच भरा. मग प्रत्येक डीओआय आणि लिंक उघडून बघा. शेवटी शब्दशः अवतरणं एकेक करून मूळ पानाशी ताडा, कानामात्रेसकट. माझा 'बहुधा' असाच सापडला असता.

नोंदींची वही निकाल लागेपर्यंत टाकू नका. तोंडी परीक्षेला ती सोबत घेऊन जा. परीक्षकांनी एखाद्या वाक्यावर बोट ठेवलं तर कुठला ग्रंथ, कुठली आवृत्ती, कुठलं पान, हे वही उघडून दाखवता येईल.